शास्त्रीय संगीताच्या रेडिओ निवेदकासाठी स्मरणसभा कशी भरवावी

रेडिओवरून वर्षानुवर्षे शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम सादर करणारा निवेदक निवर्तला की त्याच्या श्रोत्यांना काहीतरी करावेसे वाटते, आणि नाशिकमध्ये ते काहीतरी बहुधा ठरलेल्या पद्धतीनेच घडते. सभागृह मिळवले जाते, तसबिरीला हार घातला जातो, एखादा स्थानिक गायक दोन राग गातो, चार-पाच मान्यवर पोकळी भरून न निघण्याविषयी बोलतात आणि भैरवीने सांगता होते. यात वावगे काहीच नाही. मात्र ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्याचा आवाज आणि त्याची वाक्ये त्या दोन तासांत एकदाही कानी पडत नाहीत. निवेदकाचे सारे कसब दोन रचनांच्या मधल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात असते, आणि ते मिनिट पुन्हा ऐकता येईल अशी सभा भरवणे अवघड असले तरी अशक्य नाही. ती कशी भरवावी याची ही माहिती आहे.

पहिले काम घरच्यांची संमती घेण्याचे. दिवसकार्य होईपर्यंत फोन करू नये, आणि नंतरही दहा श्रोत्यांनी दहा फोन करण्याऐवजी कुटुंबाशी आधीपासून परिचय असलेल्या एकानेच जाऊन भेटावे. नाव कसे छापावे, कोणते छायाचित्र वापरावे आणि घरात ध्वनिफिती, वह्या किंवा श्रोत्यांची पत्रे आहेत का, एवढेच पहिल्या भेटीत विचारावे. आकाशवाणीवरचे अनेक निवेदक नैमित्तिक होते. ते दिवसा बँकेत, शाळेत किंवा महाविद्यालयात नोकरी करीत आणि ड्यूटी लागेल तेव्हा मानधनावर केंद्रात येत. त्यामुळे आपण ज्याला ‘आकाशवाणीचे अमुक’ म्हणून ओळखत होतो तो घरच्यांच्या लेखी आधी गणिताचे सर असू शकतो. परिचयात काय आधी यावे हे त्यांनाच ठरवू द्यावे.

तारखेची घाई नको. ध्वनिफिती गोळा करून त्यांतून आवाज काढण्यास दोन-तीन महिने सहज लागतात, तेव्हा महिन्याच्या आत सभा घेण्याचा आग्रह धरला तर ती वर सांगितलेल्या पद्धतीचीच होईल. त्यांचा पुढचा जन्मदिवस किंवा वर्षश्राद्धाच्या आसपासचा रविवार सोयीचा पडतो. २३ जुलै हीसुद्धा चांगली तारीख आहे, कारण १९२७ मध्ये त्या दिवशी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि तो दिवस आपल्याकडे प्रसारण दिन म्हणून पाळला जातो; फक्त त्या दिवसांत नाशिकला पाऊस असतो, हे ध्यानात घेऊन जागा बंदिस्त पाहावी.

आता मुख्य काम, म्हणजे आवाज शोधण्याचे. निवेदक नाशिक केंद्राचा असो वा मुंबई-पुण्याचा, त्या केंद्राला रीतसर पत्र द्यावेच, आणि पत्रात ‘सर्व ध्वनिमुद्रणे मिळावीत’ असे मोघम न लिहिता कार्यक्रमाचे नाव आणि अंदाजे वर्ष लिहावे. तरीही फार अपेक्षा ठेवू नयेत. केंद्रात मुलाखती, रूपके आणि कलावंतांची ध्वनिमुद्रणे जपली जातात. रोजच्या प्रसारणाच्या ओघात थेट बोललेली निवेदने सहसा कोणी मुद्रित करून ठेवत नाही. पहिली सभा, दुसरी सभा, तिसरी सभा अशा प्रसारणाच्या रोजच्या फेऱ्यांत ती बोलली गेली आणि हवेत विरली.

खरा साठा घराघरांतल्या टू-इन-वनजवळच्या (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेल्या यंत्राजवळच्या) खोक्यांत असतो. पण तिथेही एक गंमत आहे. रेडिओवरून गाणे उतरवून घेणाऱ्या श्रोत्याला निवेदन नको असे. त्याला फक्त गाणे हवे असे. तो पॉजच्या बटणावर बोट ठेवून निवेदक थांबण्याची वाट पाही आणि तंबोरा सुरू झाला की बटण सोडी. बोट जरा आधी सुटले तर फितीवर ‘…तालात निबद्ध, तबल्यावर साथ’ एवढे वाक्याचे शेपूट उमटे. गाणे संपल्यावर मात्र श्रोता स्वयंपाकघरात असे किंवा डुलकी लागलेली असे, आणि बटण उशिरा दाबले जाई. म्हणून गाण्याच्या आधीच्यापेक्षा गाण्यानंतरची निवेदने अधिक सापडतात. कोणाकडून कॅसेट घेताना ‘यात त्यांचा आवाज आहे का’ असे विचारले तर उत्तर हमखास नकारार्थी येते, कारण मालकाने ती कॅसेट गाण्यासाठीच ऐकलेली असते. असा प्रश्न न विचारता ‘रेडिओवरून उतरवलेली’ प्रत्येक कॅसेट मागावी आणि बाजू अगदी टोकापर्यंत ऐकावी. सी-९० कॅसेटच्या एका बाजूला ४५ मिनिटे असतात. अर्ध्या तासाचे गाणे संपल्यावर उरलेल्या पंधरा मिनिटांत कधी पुढच्या कार्यक्रमाची घोषणा, कधी वेळ भरून काढण्यासाठी लावलेली वाद्यसंगीताची तबकडी, तर कधी बातम्यांच्या आधीचे चार शब्द सापडतात.

आवाहन कुठे करावे, यालाही विचार लागतो. सार्वजनिक वाचनालयाचा सूचना फलक आणि दैनिकांची नाशिक पुरवणी ही नेहमीची ठिकाणे झाली. त्याखेरीज गायन-वादनाच्या जुन्या वर्गांत विचारावे, कारण विशारदच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पिढ्यांनी राग ओळखायला रेडिओचाच आधार घेतला आहे. नाशिकरोडच्या प्रेसमधले, ओझरच्या एचएएलमधले आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले पाळीवर काम केलेले निवृत्त लोक रात्रीच्या सभेचे पक्के श्रोते होते. निफाड-दिंडोरीकडे रात्रीची वीज असेल तेव्हा बागेला पाणी देणारा शेतकरी ट्रान्झिस्टर सोबत ठेवत असे. त्याच्याकडे कॅसेट नसेल, पण त्याला वाक्ये पाठ असू शकतात आणि तीही लिहून घेण्याजोगी असतात.

कॅसेट हाती आली की आधी ती लावू नये, नीट पाहावी. वरच्या कडेला डाव्या-उजव्या कोपऱ्यांत दोन लहान प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्या शाबूत असतील तर चुकून नवे ध्वनिमुद्रण होऊन जुने पुसले जाण्याचा धोका असतो, म्हणून मालकाला विचारून त्या मोडाव्यात. फितीच्या कडांवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नये, कारण बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या जुन्या वाड्यांतल्या फितींचे हे नेहमीचे दुखणे आहे. फीत आत जिथे हेडला टेकते तिथे एक इवलीशी नमद्याची गादी असते. ती गळून पडली असेल तर आवाज बसका आणि खालीवर येतो, आणि दोष निवेदकाच्या गळ्याला दिला जातो. ती दुसऱ्या निकामी कॅसेटमधून काढून बसवता येते. वर्षानुवर्षे न वाजलेली फीत एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे थर मोकळे होतात. यंत्राचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच वाजवावे.

कॅसेट डेकच्या लाइन-आऊटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून) संगणकात आवाज घेताना एमपीथ्री न करता वेव्ह, म्हणजे आवाज न गाळता साठवणारी, फाइल करावी. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचा एक तास सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेतो, जी आजच्या मानाने काहीच नाही. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत खरखर काढण्याची सोय असते. ती मूळ फाइलवर कधीही वापरू नये, वापरायचीच तर प्रतीवर आणि बेताने वापरावी. खरखर पूर्ण घालवली की ‘स’ आणि ‘श’चे फरक जातात, आणि निवेदकाच्या बाबतीत उच्चारच गेला तर मागे राहिले काय?

आवाज मिळाला तरी तो कधीचा, हे ठरवावे लागते, कारण कॅसेटवर मालकाने फक्त ‘यमन – रेडिओ’ असे लिहिलेले असते. मध्यम लहरींवर रात्री दूरची केंद्रे मिसळतात. पाठीमागे दुसऱ्या भाषेतला आवाज येत असेल तर ध्वनिमुद्रण बहुधा रात्रीचे. टाळ्या ऐकू येत असतील तर ते निमंत्रित श्रोत्यांसमोरचे असावे, जसे १९५४ पासून होत आलेल्या आकाशवाणी संगीत संमेलनाचे असते. स्टुडिओतल्या गायनाला केवळ सारंगीची साथ असेल आणि हार्मोनियम नसेल तर ते संग्रहातले जुने ध्वनिमुद्रण पुन्हा प्रसारित झालेले असू शकते, कारण आकाशवाणीवर १९४० मध्ये आलेली हार्मोनियमवरची बंदी १९७१ मध्ये शिथिल झाली. हा शेवटचा पुरावा एकट्याने पुरेसा नाही, कारण नंतरही अनेक गायकांनी सारंगीच पसंत केली. निवेदनातच ‘आज’, ‘उद्या’ किंवा एखाद्या सणाचा उल्लेख आला तर तो लगेच टिपून ठेवावा.

आठवणी गोळा करताना ‘त्यांच्याविषयी काय वाटते’ असे विचारू नये. ‘त्यांचा आवाज खर्जातला होता’ आणि ‘ते फार सुंदर बोलत’ यांपलीकडे त्यातून काही निघत नाही. रेडिओ घरात कुठे होता, त्या वेळी घरात दुसरे काय चालू असे, त्यांनी सांगितल्यामुळे कोणता राग पहिल्यांदा ओळखता आला आणि त्यांचा कोणता शब्द आपण उचलला, असे विचारावे. एखाद्याने त्यांना पोस्टकार्ड लिहून चूक दाखवली असेल तर ती आठवण अवश्य घ्यावी. चांगला निवेदक अशा पत्राचे उत्तर कसे देई, यात त्याचा स्वभाव पुरता दिसतो.

जागा लहान घ्यावी. महाकवी कालिदास कलामंदिर मिळाले तर घ्यावे असा मोह होतो, पण ध्वनिफितीतला आवाज मोठ्या नाट्यगृहात केविलवाणा वाटतो. शंभर-सव्वाशे खुर्च्यांचे, पंख्यांची घरघर नसलेले सभागृह बरे. निवेदक पहाटेच्या सभेचा असेल तर सभाही सकाळीच घ्यावी, म्हणजे भैरव, तोडी यांना त्यांची वेळ मिळते. गोदाघाटावर उघड्यावर पहाट-मैफल करण्याची कल्पना कोणीतरी मांडतेच. तिथे एक अडचण अशी की रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि दुसरी अशी की रामकुंडाच्या परिसरात सकाळी घंटा आणि मंत्रांपुढे अर्धवट वाक्यांच्या फितींचा निभाव लागणार नाही.

कार्यक्रमाचा कणा निवेदनांचा ठेवावा आणि गाणी त्यांच्या मागून यावीत. सापडलेले निवेदन जसेच्या तसे ऐकवावे, तुटलेले असेल तर तुटलेले, आणि त्याला लागून त्यांनी जी रचना सादर केली तीच लावावी. चाळीस मिनिटांचा ख्याल पूर्ण लावण्याची गरज नाही. ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या काळातली साडेतीन मिनिटांची गायने यासाठी उत्तम, कारण त्यांत आलापापासून तानांपर्यंत सारे येते आणि श्रोत्याचे लक्ष निवेदनावरून ढळत नाही. नाशिकला तर एक निवड घरचीच आहे: विष्णु दिगंबर पलुसकरांनी उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापला, आणि त्यांचे पुत्र द. वि. पलुसकर १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेल्यामुळे पुढच्या पिढ्यांना ते केवळ तबकड्या आणि रेडिओ यांतूनच भेटले. त्यांचा श्री रागातला ख्याल संध्याकाळच्या सभेत निवेदनासह लावला तर निवेदकाचे काम काय असते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भाषणे दोन पुरेत, एक घरच्यांपैकी कोणाचे आणि एक सहकाऱ्याचे. तांत्रिक विभागातला सहकारी मिळाला तर अधिक चांगले, कारण काचेपलीकडून निवेदकाला त्याच्याइतके कोणी पाहिलेले नसते. प्रमुख पाहुणा नसला तरी चालते.

सभेचे सूत्रसंचालन हा नाजूक भाग आहे. दिवंगत निवेदकाच्या ढंगात बोलण्याचा प्रयत्न करू नये. ती नक्कल ठरते आणि घरच्यांना बोचते. त्यांची शिस्त मात्र घ्यावी. रागाचे नाव, बंदिशीचा मुखडा, ताल, कलावंत आणि साथीदार, या क्रमाने आणि एवढ्यातच सांगावे. नमुन्यादाखल, मुखडा आणि नावे वगळून: ‘राग मुलतानी. विलंबित एकतालातील ख्याल आणि त्यानंतर द्रुत त्रितालातील बंदिश. निवेदन श्रोत्यांच्या संग्रहातून, त्याची पहिली दोन वाक्ये फितीवर नाहीत.’ यात ‘सुमधुर’, ‘अविस्मरणीय’ असले शब्द नाहीत, आणि साथीदारांची नावे ठाऊक असतील तर ती गाळू नयेत. तबलजीचे नाव न घेता गाणे संपवणारा निवेदक श्रोत्यांना कधीच आवडला नाही.

शेवटी हक्क आणि परतफेड. कॉपीराइट कायद्यानुसार प्रसारणावर प्रसारण संस्थेचा हक्क २५ वर्षे आणि सादरीकरणावर कलावंताचा हक्क ५० वर्षे असतो, त्यामुळे सभेतले ध्वनिमुद्रण उत्साहाच्या भरात यूट्यूबवर चढवू नये. सभा विनामूल्य ठेवावी, संबंधित केंद्राला आधी लेखी कळवावे आणि उत्तराची प्रत जपावी. निवेदनांच्या फाइलींचा एक संच कुटुंबाला आणि एक वाचनालयाला द्यावा. सोबत प्रत्येक फाइलीचे नाव, अंदाजे वर्ष, तो अंदाज कशावरून बांधला आणि कॅसेट कोणाच्या संग्रहातली, अशी छापील यादी असावी. तिसरा संच नाशिकबाहेरच्या कोणाकडे ठेवावा. कॅसेटी घेताना पावती दिलेली असेल तर परत करताना ती मागून घ्यावी, आणि ज्याच्या फितीत आवाज सापडला त्याला कॅसेटसोबत पेन ड्राइव्हवर ते निवेदनही द्यावे. आपल्याकडे ते होते हे त्याला बहुधा तेव्हाच कळते.