‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ ऐकायचा कसा

‘द बँड’ या पाच जणांच्या रॉक गटाचा हा अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा मी अर्ध्या मिनिटात टेपरेकॉर्डर खोलला होता. हॉस्टेलवर मित्राने भरून दिलेली कॅसेट, पहिलंच गाणं ‘टिअर्स ऑफ रेज’, आणि आवाज असा की टेप ओढतेय यात शंकाच नाही. चार स्क्रू काढले, रबरी पट्टा बदलला, हेडला स्पिरिट लावलं. पुन्हा लावलं, तर तसंच. शेवटी दुसऱ्याच्या वॉकमनवर ऐकल्यावर पटलं की मशिनात काही बिघाड नाही, गाणंच तसं आहे. म्हणून पहिली सूचना: घाईच्या दिवशी हा अल्बम लावू नका. आणि फोनच्या स्पीकरवर तर मुळीच नको. रिक डँको यांची बेस गिटार त्यात गायबच होते. साधे वायरवाले हेडफोनही चालतील.

दुसरी सूचना: सलग अकरा गाणी ऐकायच्या फंदात पहिल्या दिवशी पडू नका. एक वादक धरा आणि त्याच्या मागे जा.

मी भजनी मंडळात तबला वाजवतो, त्यामुळे मी ड्रमर लेव्हॉन हेल्म यांच्यापासून सुरुवात केली. ‘टिअर्स ऑफ रेज’मध्ये त्यांनी ड्रमची पानं इतकी सैल ठेवली आहेत की काठी पडल्यावर आवाज जागेवर थांबत नाही, खाली घसरतो. डग्ग्यावर मनगट सरकवलं की सूर हलतो, तसंच काहीसं. आमच्यात कुणाचा डग्गा असा उतरला तर लगेच हातोडी निघते. इथे तो मुद्दाम उतरवलेला आहे. हेल्म हे पाच जणांतले एकटे अमेरिकन, आर्कान्सामधले. त्यांच्या गावापासून जवळच हेलेना शहर, आणि तिथल्या रेडिओवर 1941 पासून ‘किंग बिस्किट टाइम’ हा ब्लूजचा कार्यक्रम. सनी बॉय विल्यमसन हार्मोनिका वाजवायचे आणि पोरगेला लेव्हॉन ड्रमर पेक कर्टिस यांच्या हातांकडे बघत बसायचा. हे माहीत असलं की हेल्म ठेका इतका मागे रेलून का धरतात, ते समजतं.

बाकीचे चौघे कॅनडातल्या ऑन्टॅरिओचे. गायक रॉनी हॉकिन्स यांच्यामागे ‘हॉक्स’ म्हणून वर्षानुवर्षं बारमध्ये वाजवलेले, मग 1965-66 मध्ये बॉब डिलन यांच्या साथीला असताना लोकांच्या शिव्या खाल्लेले. 1967 मध्ये वुडस्टॉकजवळ वेस्ट सॉगर्टीझला एका गुलाबी घराच्या तळघरात ही मंडळी डिलनसोबत रोज वाजवत बसायची. तेच ‘बिग पिंक’. अल्बमचं रेकॉर्डिंग मात्र तिथलं नाही. ते न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झालं, निर्माते जॉन सायमन. घराचं नाव वाचून लोक हमखास फसतात.

आता ‘द वेट’. हे गाणं लावण्याआधी स्टेपल सिंगर्स या घराण्याच्या गटाचं 1950 च्या दशकातलं कुठलंही गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिगीत, ऐका. बाप आणि मुलं एकाच घरातल्या आवाजात गातात, पण कुणी कुणाच्या आवाजात विरघळून जात नाही. मग ‘द वेट’च्या ध्रुवपदाच्या शेवटाकडे कान द्या. तिथे आवाज एकदम येत नाहीत, एकामागून एक पायरीने येतात. आमच्या भजनात एकाने चरण टाकला की टाळकरी तो सगळे मिळून उचलतात. इथे उचलतानाही प्रत्येक जण आपापल्या वेळी हात लावतो. सुरुवातीची कडवी हेल्म यांची आहेत, चौथं एकाएकी डँको घेतात. ते चौथं कडवं तीनदा ऐका. आणि गाण्यातलं नाझरेथ हे बायबलमधलं गाव असल्यासारखं वाटत असलं तरी ते पेनसिल्व्हेनियातलं, जिथे मार्टिन गिटारी बनतात. गटाचे गिटारवादक रॉबी रॉबर्टसन यांना ते गिटारच्या पोटातल्या चिठ्ठीवर दिसलं. संध्याकाळ शिल्लक असेल तर ‘वुई कॅन टॉक’ही लावा. तिथे तिघे एकमेकांच्या तोंडातली ओळ अक्षरशः पळवतात.

‘लाँग ब्लॅक व्हेल’ त्यांचं स्वतःचं नाही. लेफ्टी फ्रिझेल यांचं 1959 चं मूळ आधी ऐका. एका माणसावर खुनाचा आळ येतो; खुनाच्या रात्री तो जिवलग मित्राच्या बायकोसोबत होता, म्हणून कोर्टात गप्प राहतो आणि फासावर जातो. गाणं सांगतोय तो मेलेला माणूस. (आमच्या घरी हे रात्री लावायला बंदी आहे.) कंट्री गाणं रॉकवाल्यांनी म्हटलं की बहुतेकदा आवाज चढवतात. यांनी चढवला नाही, आणि मला ते फार आवडतं. हा अल्बम निघाला त्या जुलै 1968 मध्ये, जेव्हा सगळीकडे गिटारी किंचाळत होत्या, तेव्हा हे धाडसच होतं. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी हा अल्बम ऐकला आणि आपल्या ‘क्रीम’ या बँडमधून त्यांचं मन उडालं.

गार्थ हडसन यांच्यासाठी एक अख्खी संध्याकाळ ठेवा. ‘चेस्ट फीवर’ ऑर्गनने सुरू होतं, त्यातली पहिली फेक बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या डी मायनर टोकाटा या ऑर्गनच्या रचनेतली आहे. मूळ टोकाटा दोन मिनिटं ऐकून मग इकडे या. बाखचं बोट धरून हडसन दारापर्यंत येतात आणि मग ते सोडून भलतीकडेच जातात. यांनी काकांच्या अंत्यविधीगृहात ऑर्गन वाजवलेला. घरच्यांना बँडमध्ये जाणं पसंत नव्हतं, म्हणून बाकीच्यांना संगीत शिकवण्याचे आठवड्याला 10 डॉलर वेगळे, अशी अट घालून ते आले. म्हणजे घरी सांगायला नोकरी शिक्षकाची! ‘चेस्ट फीवर’चे शब्द लावत बसू नका, हाती काही लागत नाही.

‘इन अ स्टेशन’ आणि ‘लोन्सम सूझी’ गटातले पियानोवादक-गायक रिचर्ड मॅन्युएल यांची, त्यांच्यावर गायक रे चार्ल्स यांची गडद छाया. ‘टू किंगडम कम’ मला अजून पूर्ण पटलेलं नाही.

2018 मध्ये बॉब क्लिअरमाउंटन यांनी केलेलं नवं मिक्स, म्हणजे त्याच रेकॉर्डिंगमधल्या आवाजांची नवी जुळणी, निघालं. वाद्यं सुटी सुटी हवी असतील तर ते घ्या, वर सांगितलेला एक वादक धरायचा प्रकार त्यात सोपा जातो. पण पहिली ओळख जुन्या मिक्सवरच करून घ्या. त्यात सगळे एकाच खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसल्यासारखे वाटतात. आणि एलपी कुठे हातात आली तर आतला फोटो उघडून बघा: सिमकोजवळच्या शेतावर बँडवाल्यांचे आईबाप, काका, मुलं ओळीने उभी. कव्हरवरचं चित्र डिलन यांनी काढलंय, त्यात एक हत्तीही आहे.