जिवाणूंकडून भेग बुजवून घेणारे काँक्रीट: प्रयोगशाळेतला नमुना कसा करावा

काँक्रीटमध्ये जिवाणू घालायचे म्हटले की ते मिश्रणाच्या पाण्यातच ओतण्याचा मोह होतो. ताज्या काँक्रीटचा सामू १२.५ च्या वर, म्हणजे तीव्र अल्कली असतो आणि सिमेंट मुरत जाते तशी त्यातील छिद्रे आकसतात. म्हणून थेट मिसळलेले बीजाणू (जिवाणूंचे सुप्त, टिकाऊ रूप) काही महिन्यांतच निकामी होतात, असा अनुभव नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात हेंक यॉंकर्स यांच्या गटाला आला. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग असा की बीजाणूंना आधी घर द्यावे, मग काँक्रीटमध्ये पाठवावे.

अल्कलीत तगणारा बॅसिलस कोह्नीसारखा जिवाणू वाढवून त्याचे बीजाणू होऊ द्यावेत. ते धुऊन घ्यावेत, कारण वाढीच्या माध्यमातील सेंद्रिय अंश सिमेंटचे घट्ट होणे लांबवतो. भट्टीत फुगवलेल्या चिकणमातीच्या १ ते ४ मिमी सच्छिद्र गोळ्यांमध्ये बीजाणूंचे पाणी आणि त्यांचे खाद्य असलेल्या कॅल्शियम लॅक्टेटचे द्रावण मुरवून गोळ्या वाळवाव्यात. कॅल्शियमसाठी लॅक्टेटऐवजी कॅल्शियम क्लोराइड स्वस्त पडते, पण ते लोखंड गंजवते, म्हणून सळईच्या कामात ते टाळावे. या गोळ्या वाळू-खडीच्या काही भागाऐवजी घालाव्यात. त्या हलक्या व ठिसूळ असल्याने ताकद घटते, म्हणून दाबाची चाचणी घेण्यासाठी वेगळे ठोकळेही ओतावेत.

भेग पाडायच्या नमुन्याच्या तुळईत मध्यभागी बारीक सळई ठेवावी, नाही तर भेग पाडताना नमुन्याचे दोन तुकडे होतील. २८ दिवसांनी भार देऊन भेग पाडावी, तिची रुंदी सूक्ष्मदर्शकाने मोजावी आणि नमुना पाण्यात ठेवावा. भेगेतून पाणी व प्राणवायू पोहोचले की बीजाणू जागे होतात, लॅक्टेट खातात आणि चुनखडी जमवतात. सुटलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमधील चुन्याशी संयोग पावून आणखी चुनखडी देतो.

तुलनेचा नमुना मात्र वगळू नये, आणि त्यातही त्याच गोळ्या असाव्यात, फक्त जिवाणू व लॅक्टेट नसावेत. साधे काँक्रीटही बारीक भेग आपोआप बुजवते. डेल्फ्टमध्ये १०० दिवस पाण्यात ठेवल्यावर जिवाणूयुक्त नमुन्यांत ०.४६ मिमीपर्यंतच्या, तर तुलनेच्या नमुन्यांत ०.१८ मिमीपर्यंतच्या भेगा बुजल्या होत्या. भेगेवरचा पांढरा थर आम्लाने फसफसला म्हणजे जिवाणूंचे काम सिद्ध झाले असे नाही, कारण साध्या काँक्रीटवरचा थरही तसाच फसफसतो. त्याऐवजी दोन्ही नमुन्यांतून ठरावीक वेळात किती पाणी झिरपते ते मोजावे.