मगरिबपासून सुरुवात : मुलांना दीनची (धर्माची) गोडी लावताना

लहान मुलाने ग्लास उलटवला किंवा धाकट्या बहिणीला चिमटा काढला, की ‘असे केलेस तर अल्लाह शिक्षा करील’ हे वाक्य आपल्या घरांत सहज तोंडून जाते. बोलणाऱ्याच्या मनात फारसे काही नसते, परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाला अल्लाहची पहिली ओळख शिक्षा करणारा म्हणून होते आणि ती पुसायला पुढे फार वेळ लागतो. म्हणून आईवडिलांनी पहिले काम करावे ते हे वाक्य घरातून काढून टाकण्याचे. जेवणाआधी आपण ‘बिस्मिल्लाह’ म्हणतो, ते पूर्ण म्हटले की त्यात येणारी रहमान आणि रहीम ही दोन्ही नावे दयेची आहेत, हे मुलाला ताटावर बसल्या बसल्या सांगता येते. यावल-रावेरकडची केळी सोलताना किंवा मृगाच्या पावसानंतर कपाशीचे कोंब वर आलेले दाखवताना हाच विषय पुन्हा निघू द्यावा. त्यासाठी वेगळा तास लावण्याची गरज नाही.

नमाजच्या बाबतीत घाई सर्वांत जास्त होते. मुलांना सातव्या वर्षी नमाज सांगा, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व आठवणींच्या नोंदींत, आहे. त्याच हदीसमध्ये दहाव्या वर्षी नमाज टाळल्यास शिक्षेचा उल्लेख येतो आणि पुष्कळ पालकांच्या लक्षात नेमका तेवढाच भाग राहतो. मधल्या तीन वर्षांचा हिशेब मात्र कोणी करत नाही. चांद्र वर्ष 354 दिवसांचे धरले, तर रोजच्या पाच वेळांप्रमाणे 5,310 वेळा मुलाला प्रेमाने बोलावण्याची संधी मिळते. पैगंबर मुहम्मद (स.) सजद्यात (जमिनीला कपाळ टेकवून) असताना नातू पाठीवर चढून बसला, तेव्हा त्यांनी सजदा लांबवला, नमाजमध्ये नात उमामाला त्यांनी कडेवर घेतले होते, अनस यांनी दहा वर्षे त्यांची सेवा केली, त्या काळात त्यांना एकदाही ‘उफ्’ ऐकावे लागले नाही. हे प्रसंग आपण मुलांना सांगतो, पण खरे तर ते मोठ्यांसाठी आहेत. जानमाजवर (नमाजच्या चटईवर) लोळणाऱ्या चार वर्षांच्या पोराला ओढून बाजूला करणाऱ्याने ते आधी स्वतः ऐकावेत.

सातव्या वर्षी सुरुवात करायची, तर ती पहाटेच्या फजरपासून नव्हे, सूर्यास्तानंतरच्या मगरिबपासून करावी. त्या वेळी शेतावरची, दुकानातली माणसे बहुधा घरी परतलेली असतात, दिवे लागलेले असतात आणि फर्ज (सक्तीच्या) तीनच रकात, म्हणजे नमाजची आवर्तने, असतात. अब्बूंनी ‘चल, उठ’ असा हुकूम सोडण्याऐवजी ‘मी वजू करतो आहे, येतोस का?’ असे विचारावे (वजू म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुणे) आणि मूल ‘नाही’ म्हणाले, तर तोंड न पाडता आपली नमाज पढावी. काही महिने एकच वेळ चालली तरी चालेल. पाचही वेळा एका आठवड्यात बसवण्याचा उत्साह मी अनेक घरांत पाहिला आहे. तो सहसा पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाही.

मक्तबची, म्हणजे मुलांना कुरआन वाचायला शिकवणाऱ्या वर्गाची, निवड शाळेच्या निवडीइतकीच काळजीपूर्वक करावी. मी ज्या मक्तबमध्ये कायदा (अरबी अक्षरांचे पहिले पुस्तक) शिकलो तेथे छडी सतत शिकवणाऱ्यांच्या मांडीवर असे, आणि आमच्यापैकी काही जणांना अलिफ-बे आठवण्याआधी ती छडी आठवते. मूल जाऊ लागल्यावर पहिल्या महिन्यात दोन-तीनदा दारात थोडे थांबून आतला आवाज ऐकावा. दुसरी गोष्ट अर्थाची. मूल अरबी अक्षरे वाचते, पण घरी उर्दू, तडवी किंवा अहिराणी बोलते. त्यामुळे पाठ केलेल्या सूरहचा (कुरआनच्या अध्यायाचा) अर्थ त्याच घरच्या बोलीत सांगितला नाही, तर पाठांतर कोरडेच राहते. सूरह इख्लासच्या चार आयतींचा (वचनांचा) अर्थ सांगायला पाच मिनिटेही लागत नाहीत. सूरह नम्लमध्ये पैगंबर सुलैमान यांचे सैन्य येताना पाहून मुंगी इतर मुंग्यांना बिळात शिरायला सांगते आणि ते ऐकून सुलैमान हसतात. ही गोष्ट मुंग्यांच्या रांगेशेजारी बसून सांगितली, तर ऐकणारे मूल त्या दिवशी मुंगीवर पाय देणार नाही.

रोजा वयात येईपर्यंत फर्ज नाही, याची आठवण आपल्याकडे विशेष ठेवावी लागते, कारण चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान ऋतूंमधून फिरत राहतो. 2018 साली तो मे-जूनमध्ये होता, आणि मे महिन्यातले भुसावळचे ऊन कोणाला सांगायला नको. 2026 मध्ये तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने हट्टच धरला, तर त्याला सहरीला (पहाटेच्या जेवणाला) उठवावे, दुपारपर्यंतचा अर्धा रोजा करू द्यावा आणि इफ्तारच्या दस्तरखानावर मोठ्यांच्या बरोबरीने बसवावे. पैगंबरांच्या काळात आशुराच्या (मुहर्रमच्या दहाव्या दिवसाच्या) रोजाला भुकेने रडणाऱ्या मुलांना आया लोकरीची खेळणी देत, असे हदीसमध्ये आले आहे. रोजा कुशाईचा (मुलाच्या पहिल्या रोजाचा) समारंभ करायला हरकत नाही, मात्र पाहुणे बोलावले आहेत म्हणून तहानेने कासावीस झालेल्या मुलाला पाणी नाकारणे हा निव्वळ दिखावा आहे.

नंतर प्रश्न सुरू होतात. वर्गातला मित्र गणपती बसवतो, आपण का नाही? अल्लाह दिसत का नाही? अशा वेळी ‘असे विचारू नये’ हे उत्तर सर्वांत वाईट. मित्राच्या घराविषयी आदराने बोलून आपली रीत वेगळी का, ते सांगता येते. आणि उत्तर येत नसेल तर ‘मौलानांना विचारू या’ म्हणून खरोखर सोबत जाता येते. एखाद्या रविवारी बऱ्हाणपूरला न्यावे. फारुकी सुलतानांची ही राजधानी; येथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. तो पाहिला की आपला दीन आणि हा तापीकाठ यांची ओळख जुनी आहे, हे मुलाला वेगळे समजावावे लागत नाही.

तेरा-चौदाव्या वर्षी बरीच मुले काही काळ नमाज सोडतात. ‘धर्मात सक्ती नाही’ ही सूरह बकराची 256 वी आयत मुळात इस्लाम स्वीकारण्याविषयी आहे, मुलांना वाढवण्याविषयी नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही या वयात ती आईवडिलांनी स्वतःशी म्हणावी. बोलावणे थांबवू नये, पण चुलतभावाशी तुलना करू नये आणि मोबाइल काढून घेण्याची शिक्षा नमाजशी जोडू नये. मग थंडीतल्या एखाद्या पहाटे मुलगा आपण होऊन फजरला उठेल, त्या दिवशी मामा-फुफींना फोन करून ती बातमी सांगू नये. त्याच्या वजूसाठी पाणी तेवढे कोमट करून ठेवावे.