महालक्ष्म्या यायच्या आधी सिंक, बेसिन आणि मोरीची तयारी

महालक्ष्म्यांची यादी काढताना मुखवटे, साड्या, सोळा भाज्या, पुरणाची डाळ सगळं आठवणीने लिहिलं जातं. सिंक कुणी लिहीत नाही. भाद्रपदात इंदूरला पाऊस असतो, बाहेरची चेंबरं भरलेली असतात आणि घरात तीन दिवस माणसांची वर्दळ. नेमका तेव्हाच स्वयंपाकघरात कुबट वास सुटतो. हे काम आवाहनाच्या निदान आठ दिवस आधी हातात घ्या. एकदा गणपती बसले की प्लंबर मिळणं कठीण.

सुरुवात वास शोधण्यापासून करा, क्लीनरच्या बाटल्या नंतर उघडा. स्वयंपाकघरात जमिनीलगत सडका, उग्र वास असेल तर सगळ्यात आधी गॅस सिलिंडर बघा. एलपीजीत गळती कळावी म्हणून मुद्दाम तसाच वास मिसळलेला असतो आणि तो गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. शंका आली तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. गॅस नाही याची खात्री पटल्यावर नळाचं पाणी पेल्यात घेऊन दुसऱ्या खोलीत जा आणि हुंगा. पेल्यातल्या पाण्यालाच घाण येत असेल तर दोष पुरवठ्याच्या लाइनचा किंवा टाकीचा. ते पाणी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं थांबवा, नगर निगमच्या ‘इंदौर ३११’ ॲपवर तक्रार टाका, टाकी बघा. वास फक्त गरम पाण्याला असेल तर गीझरची सर्व्हिसिंग करून घ्या.

पाणी स्वच्छ निघालं म्हणजे वास ड्रेनचा. पण कुठल्या? घरात राहून नाक सरावतं, म्हणून बाहेरून आलेल्या कुणाला तरी विचारा. रात्री एका छिद्रावर पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी दाबून ठेवा, सकाळी बघा. दुसऱ्या रात्री दुसरं छिद्र. ज्या रात्री वास गेला, ते छिद्र दोषी. सगळी एकदम झाकलीत तर काहीच कळणार नाही.

एवढी खटपट अशासाठी, की वास दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे. एक पाइपच्या आत साठलेल्या गाळाचा: तूप, साबण, अन्नाचे कण यांचा बुळबुळीत थर बसतो आणि त्यात जंतू वाढतात. दुसरा खुद्द गटाराचा. तो अडवायला ट्रॅपमध्ये, म्हणजे ड्रेनखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या डबीत किंवा वळणात, साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असावं लागतं. ते पाणी सुकलं किंवा ट्रॅपच नसला, तर सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू थेट घरात. तिथे वरून कितीही लिंबू पिळा, उपयोग नाही.

आता दुकानातून आणायचं सामान. बाटल्या धुवायचा लांब दांड्याचा ब्रश, रबरी हातमोजे, सिंकची बारीक जाळी, बॉटल ट्रॅपचं जास्तीचं वॉशर आणि वेस्ट पाइपची रबरी रिंग. शेवटची वस्तू विसरू नका. आपल्याकडे बहुतेक सिंकांखाली पन्हाळीदार पांढरा पाइप असतो आणि तो जमिनीतल्या छिद्रात नुसता खोचलेला असतो. पाइप आणि छिद्र यांच्यात बोटभर फट राहते, तिच्यातून वासही येतो आणि झुरळंही येतात. सिंक चकचकीत असूनही वास येतो, त्यामागे मला तरी सगळ्यात जास्त वेळा ही फटच दिसली आहे. रिंग घट्ट बसवा, बसत नसेल तर भोवती एम-सील भरा. त्या पाइपच्या वळ्यांमध्ये गाळ अडकतो, फार जुना असेल तर बदलूनच टाका.

बॉटल ट्रॅप म्हणजे सिंकखालची डबी. तिच्याखाली बादली ठेवा, मोजे घाला आणि खालचा पेला हाताने फिरवून काढा. काळं पाणी, जिऱ्या-मोहरीचे दाणे, केस, तारेच्या घासणीचे तुकडे, तळाशी चिकट राखाडी थर. हे सगळं ओल्या कचऱ्यात घालायचं नाही, वेगळ्या पिशवीत बांधा. पेला भांड्यांच्या साबणाने घासा, वर जाणारी नळी ब्रशने घासा, वॉशर सरळ बसवून पेला परत लावा. मग सिंक बूच लावून भरा, बूच एकदम काढा आणि जोडाखाली वर्तमानपत्र धरून गळतंय का बघा. वॉश बेसिनला वरच्या कडेजवळ एक छोटं छिद्र असतं, पाणी उतू नये म्हणून. ते कुणीच धूत नाही. त्यातही ब्रश घाला.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात. त्यापेक्षा साबणाचं कढत पाणी आणि ब्रश कितीतरी बरा. कढत म्हणजे उकळतं नव्हे. पीव्हीसीचा पाइप साधारण ६० अंशांच्या वर मऊ पडू लागतो, म्हणून भाताचं वेळलेलं पाणीसुद्धा गार पाणी मिसळूनच सोडा. आणि हे कृपा करून ठळक लिहून ठेवा: टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकाच ड्रेनमध्ये कधीही नाही, एकामागोमाग एक तर मुळीच नाही. आम्ल आणि ब्लीच मिळाले की क्लोरीन वायू निघतो. ड्रेन उघडायची कॉस्टिकची पावडर टाकली असेल तर प्लंबरला आधी सांगा, नाहीतर पाइप उघडताना ते पाणी त्याच्या हातावर येईल.

पाहुण्यांसाठी वरच्या मजल्यावरचं बाथरूम उघडायचं असेल तर त्यातल्या नाहणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, आधीच बादलीभर पाणी ओता. महिनोन्महिने बंद असलेल्या खोलीत ते सुकलेलं असतं. जुन्या वाड्यातली मोरी थेट नालीत सोडलेली असेल तर गवंड्याला बोलावून ट्रॅप बसवून घ्या. याला दुसरा इलाज नाही. अंगणातलं चेंबर याच आठवड्यात उघडून बघा. तुंबा घराबाहेरच्या लाइनमध्ये असेल तर तक्रार निगमकडे, तीही आत्ताच.

पूजनाच्या दिवशी भांडी घासणाऱ्या मावशींना आणि जावांना एकच सांगायचं: पुरणाचं पातेलं, तुपाची कढई आधी वर्तमानपत्राने पुसा, मग सिंकमध्ये ठेवा. तूप पाइपमध्ये थिजतं आणि त्याला बाकीचं सगळं चिकटतं. ताटातलं उष्टं आणि भाज्यांची सालं थेट ओल्या कचऱ्याच्या डब्यात, सकाळी गाडी येतेच. तो कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटमध्ये जातो. २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्या प्लांटची क्षमता रोज ५५० टनांची होती. सिंकमध्ये गेलेली सालं मात्र तुमच्याच पाइपात कुजतात.

विसर्जनानंतर घर बंद करून महिनाभर पुण्याला वगैरे जाणार असाल तर निघण्याच्या दिवशी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि त्यावर दोन चमचे खाण्याचं तेल सोडा. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही. सिंकची जाळी काढून कोरडी करून ठेवा आणि शेजारच्या वहिनींकडे किल्ली देताना त्यांनाही सांगा, आठवड्यातून एकदा मोरीत मगभर पाणी ओता म्हणून.