जुनी गाडी घेऊन क्लबच्या फेरीला जाताना

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि तिच्या मूळ बांधणीत मोठे फेरफार झालेले नसतील, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून तिची मुदत १० वर्षांची असते. अशी गाडी रोजच्या कामासाठी चालवता येत नाही, त्यामुळे क्लबच्या फेरीचे मोल अधिकच वाढते.

फेरीच्या आठवडाभर आधी पेट्रोलच्या नळ्या तपासाव्यात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबर फुगते व चिरते; नळी बोटांनी दाबून पाहावी आणि ती चिकट लागली किंवा भेगा दिसल्या, तर इथेनॉल सोसणारी नवी नळी बसवावी. जुन्या फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असल्याने उन्हात किंवा घाटात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. अशा वेळी पुन्हापुन्हा स्टार्टर मारून बॅटरी उतरवू नये. बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे आणि तो निवेपर्यंत थांबावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये.

डिकीत फॅनबेल्ट, प्लग आणि प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रणेतले पॉइंट व कंडेन्सर ठेवावेत; ते आपल्याला लागले नाहीत, तरी सोबतच्या एखाद्याला लागतातच. ताफ्यातील गाडी थांबली, तर मागच्याने थांबावे. मुक्कामी पोहोचल्यावर वयस्कर मेस्त्रींजवळ आवर्जून बसावे, कारण कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल व हवा मिसळणारा भाग, नुसत्या आवाजावरून जुळवण्याची त्यांची हातोटी प्रत्यक्ष पाहूनच शिकता येते.