कॅल्शियमची गोळी आणि ड जीवनसत्त्वाची पुडी: नेमकी कशी घ्यावी

गोळी सुरू करण्याआधी दिवसभराच्या खाण्यातलं कॅल्शियम मोजा. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम मिळतं. ५० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीत साधारण १८०. दोन पेले दूध आणि एक भाकरी पोटात जात असेल तर ६६० झाले. मग ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी पुरते, दोन घ्यायचं कारण नाही. पालक या हिशेबात धरू नका. त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे कॅल्शियम अडकून राहतं, अंगी फारसं लागत नाही.

पट्टी उलटून वाचा. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असं छापलेलं असलं तरी त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं, कारण कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के असतं. कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारच्या गोळीत जेमतेम २१ टक्के. म्हणून मोठा आकडा सोडून ‘एलिमेंटल कॅल्शियम’ या शब्दांपुढचा आकडा पाहा. काही गोळ्यांतलं कार्बोनेट शिंपल्यांपासून काढतात. शाकाहारी असाल तर तेही बघून घ्या.

गोळी पोटात विरघळते की नाही, हे घरीच ताडून पाहता येतं. वाटीभर साध्या व्हिनेगरमध्ये एक गोळी टाका आणि मधूनमधून ढवळत राहा. अर्ध्या तासात तिचा भुगा झाला तर ठीक. तशीच टणक राहिली तर ब्रँड बदला. (चघळायच्या गोळीला ही परीक्षा नको.)

वेळ पाळा. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवताना किंवा जेवण झाल्या झाल्या घ्यावं. ॲसिडिटीसाठी पँटोप्रॅझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर आम्ल कमी पडतं. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून सायट्रेट घ्या, ते उपाशीपोटीही चालतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. त्यापुढचं कॅल्शियम आतडं नीट शोषत नाही आणि बद्धकोष्ठता मात्र वाढते. पाणी भरपूर प्या. मुतखडा होऊन गेला असेल, किडनीचा आजार असेल किंवा रक्तदाबासाठी थायाझाइड गटातली गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इतर गोळ्यांमुळे. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत ४ तासांचं अंतर हवं, लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत निदान २ तासांचं. सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम गिळण्याची सवय घरोघरी असते. त्यात थायरॉइडची मात्रा वाया जाते आणि रिपोर्ट बिघडला की डॉक्टर डोस वाढवतात. सोपी मांडणी अशी: उठल्यावर उपाशीपोटी थायरॉइड, दुपारच्या जेवणासोबत कॅल्शियम, संध्याकाळी लोह. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून १४ आठवड्यांनंतर कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या मिळतात. त्या दोन जेवणांबरोबर घ्याव्या आणि लोहाची गोळी वेगळ्या वेळी.

ड जीवनसत्त्वाची पुडी. ड नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमचा थोडाच भाग शोषला जातो, म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करायचा. आपल्याकडे ६०,००० आययूची (आययू म्हणजे जीवनसत्त्व मोजायचं एकक) पुडी लिहून देतात, बहुधा आठवड्यातून एक, ८ आठवडे. ते स्निग्धात विरघळणारं जीवनसत्त्व आहे. म्हणून साय न काढलेल्या कोमट दुधातून किंवा तूप-तेल असलेल्या जेवणानंतर घ्या. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. हीच पुडी रोज घेतली, किंवा आठ आठवडे उलटूनही मेडिकलमधून परस्पर आणत राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. मळमळ, सारखी तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, विसरल्यासारखं वागणं अशी लक्षणं दिसली की पुडी आणि कॅल्शियम दोन्ही थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ड चरबीत साठतं, त्यामुळे बंद केल्यावरही त्याचा परिणाम कित्येक आठवडे टिकतो.

कोवळ्या उन्हात बसून ड मिळतं ही समजूत सोडा. त्यासाठी लागणारे किरण तेव्हा फार कमी असतात आणि खिडकीच्या काचेतून तर ते जवळजवळ येतच नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन कामाचं. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसा आणि कातडी लाल होण्याआधी सावलीत या.

रक्तातलं ड दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या (ng/mL) खाली असेल तर कमतरता समजतात. कोर्स संपला की तपासणी लगेच नको. सुरुवातीपासून तीन महिने होऊ द्या, मग करा आणि पुढचा डोस त्या आकड्यावर डॉक्टरांना ठरवू द्या.