मुलांसोबत फळांच्या आइसकांड्या करताना या चुका टाळा

घरच्या आइसकांडीची नेहमीची तक्रार एकच. मूल दोन-तीनदा चोखतं, गोड रस सगळा निघून येतो आणि काडीवर उरतो पांढरा, बेचव बर्फ. "आई, यात आता काहीच नाही!" फळं चांगली होती, मुलांनी मन लावून केळी कुस्करली होती. घात केला तो पाण्याने.

मिक्सर नीट फिरत नाही म्हणून आपण गरात पाणी ओततो. गोठताना आधी पाण्याचे स्फटिक होतात आणि गोडवा, रंग, स्वाद उरलेल्या पाकात गोळा होतो. पाणी जास्त असेल तर स्फटिक मोठे होतात आणि चोखताच मधला पाक निघून जातो. म्हणून पाण्याऐवजी त्याच फळाचा रस, दही किंवा नारळाचं दूध घाला. कलिंगड मुळातच पाणीदार असतं. त्याला पिकलेल्या केळ्याची किंवा आंब्याच्या गराची जोड द्या, कांडी मऊ होते.

पौष्टिक हवी म्हणून गोडवा अगदीच काढून टाकणं, ही मला त्याहून मोठी चूक वाटते. साखर फक्त चवीपुरती नसते. तिच्यामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, म्हणून कांडी दगडासारखी होत नाही. शिवाय गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणजे साच्यात ओतण्याआधी मिश्रण किंचित जास्तच गोड लागलं पाहिजे. त्यासाठी साखरेचा डबा उघडायची गरज नाही, पूर्ण पिकलेलं फळ घ्या. सालीवर काळे ठिपके पडलेलं केळं यासाठी उत्तम. तरी कमी पडलं तर भिजवलेले दोन-तीन खजूर वाटून घाला आणि थोडं लिंबू पिळा, फळाची चव खुलते. चाखायचं काम मुलांना द्या, "अजून हवं का?" हे त्यांनाच ठरवू द्या. उलट, रात्रभर ठेवूनही कांडी लिबलिबीत राहिली तर गोड जास्त झालंय. विरघळवून, आणखी गर मिसळून पुन्हा लावा.

मध घातलेली कांडी एक वर्षाखालच्या बाळाला चाखायलाही देऊ नका. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते गोठवून मरत नाहीत. लहान मुलांच्या कांडीत अख्खी द्राक्षंही नकोत, घशात अडकतात. उभी चिरून चार फोडी करा.

न शिजवलेलं अननस किंवा किवी दूध-दह्यात घातलं की मिश्रण कडवट होतं, कारण या फळांतली विकरं (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतात. फोडी पाचेक मिनिटं शिजवून, गार करून घाला.

साचा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. वर अर्धा-एक सेंटीमीटर जागा सोडा. काडी कलंडत असेल तर तासाभराने, मिश्रण घट्ट होऊ लागल्यावर खोचा.

यानंतर खरी परीक्षा मुलांची! "झाली का?" म्हणत दर दहा मिनिटांनी फ्रीजर उघडला की आत उबदार हवा शिरते, गोठणं लांबतं आणि स्फटिक मोठे होतात. फ्रीजर उणे 18 अंशांवर असावा, साचा मागच्या बाजूला ठेवावा. सहा तास तरी लागतातच, म्हणून मी संध्याकाळी साचे भरून थेट सकाळचा वायदा करते. तेवढ्यात, आइसकांडीच्या शोधाचं श्रेय ज्याला देतात त्या अमेरिकेतल्या फ्रँक एपरसनची गोष्ट सांगून होते: 1905 साली 11 वर्षांच्या या मुलाचा सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्रभर बाहेर थंडीत राहिला आणि सकाळी काडीवर बर्फ झालेला मिळाला, असं सांगतात.

बाहेर काढताना काडी ओढू नका, ती एकटीच हातात येते. साचा कोमट पाण्यात धरा आणि मुलाला वीसपर्यंत मोजायला सांगा. कडेला ओलसर, चमकती रेघ दिसली की कांडी सुटली. गरम पाणी मात्र नको, बाहेरचा थर वितळून जातो. लगेच तोंडातही नको. मिनिटभर थांबा, नाहीतर ओठ चिकटतात.

उरलेल्या कांड्या बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर फ्रीजरमधले वास लागतात. आणि काडी निसटलीच, तर तो तुकडा वाटीत घ्या आणि मुलाच्या हातात चमचा द्या.